सोलापूरच्या विमानाचा हिशेब मार्गागणिक मांडा

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की दोनच घोषणा ऐकू येतात. ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे विमानाचे चोचले कशाला, असे एक बाजू विचारते. विमानावर शंका घेणारा माणूस सोलापूरच्या विकासाचा वैरी आहे, असे दुसरी बाजू सांगते. दोन्ही बाजूंचे लोक मनापासून बोलतात, दोघांनाही शहराची काळजी आहे, आणि तरीही या भांडणातून कामाचा एकही प्रश्न पुढे येत नाही. पैसा किती, तो कोणाच्या खिशातून जातो, कोणत्या मार्गासाठी जातो, किती वर्षे जाणार आणि त्याच्या बदल्यात शहराला नेमके काय मिळणार, यातले काहीच कोणी विचारत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. सोलापूरला चालता विमानतळ हवाच होता, आणि सुरुवातीची काही वर्षे सरकारी पैशाचा आधारही रास्त आहे. पण ‘विमानसेवा’ या नावाखाली हा आधार सरसकट देणे चूक आहे. प्रत्येक मार्ग सुटा तपासावा, त्या मार्गावर रेल्वे काय देते ते पाहावे, वेळापत्रकाच्या आणि मुदतीच्या अटी घालाव्यात आणि मगच पैसा द्यावा. ही तपासणी मुंबईतल्या मंत्रालयावर सोडून न देता महापालिकेच्या सभागृहाने स्वतः अंगावर घ्यावी.

आधी पाण्याचे बघू. ‘विमान की पाणी’ हा सवाल कानाला पटतो, कारण त्यामागे खरा त्रास आहे. पहाटे उठून पिंपे भरणाऱ्या बाईला विमानाचे कौतुक सांगायला जाणे हा तिचा अपमानच आहे. पण सोलापूरचे पाणी विमानाने अडवलेले नाही. उजनी शंभराहून अधिक किलोमीटर दूर. औज बंधारा भरायचा म्हणून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचे, त्यातले बरेचसे वाटेतच मुरायचे आणि उडायचे, उरलेले टाकळीहून उचलायचे, ही व्यवस्था कित्येक वर्षे चालत आली. समांतर जलवाहिनी किती रखडली ते सोलापूरकरांना सांगायला नको. शहरातल्या वाहिन्या जुन्या, साठवण टाक्या अपुऱ्या, गळती मोठी. यातले प्रत्येक काम शेकडो कोटींच्या घरातले आहे, आणि ते रखडले ते नियोजन, मंजुरी आणि पाठपुरावा कमी पडला म्हणून. विमानाचा पैसा उद्या थांबवला तर परवा नळ सुटेल, असे सांगणारा लोकांची फसवणूक करतो. शिवाय या घोषणेमुळे विमानाचे समर्थकही सुटतात. पाण्याशी तुलना खोटी ठरवली की आपला खर्च आपोआप खरा ठरला, असे त्यांना वाटू लागते.

तसे ते ठरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई विमानप्रवासासाठी तूट भरून काढणारा निधी मंजूर केला, ज्याला सगळे व्हीजीएफ म्हणतात. लहान शहरे विमानाने जोडणारी केंद्राची उडान योजना या मार्गाला लागू होईपर्यंत एक वर्षासाठी स्टार एअर कंपनीला आसनामागे 3,240 रुपये, एकूण सुमारे 17 कोटी 97 लाख. या आकड्याची फोड करून पाहावी. 76 आसनांचे विमान, रोज एक फेरी जाऊन-येऊन, वर्षाचे 365 दिवस, म्हणजे 55,480 आसने. त्यांना 3,240 ने गुणले की बरोबर तीच रक्कम येते. म्हणजे ही तरतूद विमानातल्या झाडून सगळ्या आसनांची आहे. भरलेले आसन आणि रिकामे आसन असा फरक या गुणाकारात दिसत नाही. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या वरच्या वर्गाचे, जेवणासकट, अख्खे तिकीट 2,365 रुपये होते. म्हणजे विमानाच्या एका आसनाला सरकारने घातलेली भर ही रेल्वेच्या सर्वांत महागड्या तिकिटाहून मोठी आहे. प्रवाशाने स्वतः भरायचे भाडे त्यावर वेगळे.

इथे विमानाच्या बाजूने पहिला दमदार आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सार्वजनिक वाहतूक कुठे नफ्यात चालते? एसटी आडगावी जाते ती काय गल्ला भरायला? महिलांना निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्याचा परतावा राज्य सरकारच देते. लोकलचे भाडे खर्चाला पुरत नाही. मग विमानाच्याच बाबतीत ताळेबंद का मागता? युक्तिवाद बरोबर आहे, आणि म्हणूनच मी विमानाला मदत नकोच असे म्हणत नाही. पण एसटीला आपण पैसे देतो ते तिच्यावाचून ज्यांचे पाऊल अडते त्यांच्यासाठी. शाळेत जाणारी मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी, बाजाराला माल घेऊन निघालेला शेतकरी, यांना दुसरा मार्ग नसतो. मग हीच कसोटी विमानालाही का लावू नये? ज्या मार्गावर विमानावाचून खरोखर अडते, तिथे सरकारने पैसा घालावा. जिथे रात्री गाडीत झोपून सकाळी मुंबईत उतरता येते, तिथे तो घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

दुसरा आक्षेप याहून भक्कम आहे आणि तो सोलापूरच्या इतिहासातूनच येतो. रेल्वे इथे आली ती 1860 मध्ये. ती आणणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नफ्याच्या बळावर उभी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने 1849 च्या करारात तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, आणि तूट आली की ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. तरीही ती गाडी आली म्हणून कापूस इथे थांबला, 1877 मध्ये जुनी मिल उभी राहिली, तिच्यामागून बाकीच्या गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर आले, आणि आजचे सोलापूर घडले. हमी दिली नसती तर हे शहर कदाचित मोठे खेडेच राहिले असते. मग विमानाला वर्षभराची हमी देताना एवढी कुरकुर कशासाठी?

पण ती गोष्ट पूर्ण सांगायला हवी. परतावा पक्का असल्यामुळे कंपन्यांना खर्चाची फिकीर उरली नाही. मैलामागे अंदाजापेक्षा बराच जास्त पैसा लागला, आणि दादाभाई नौरोजींपासून न्यायमूर्ती रानड्यांपर्यंतच्या पिढीने रेल्वेच्या खर्चावर टीका करण्यामागे हे एक मोठे कारण होते. शेवटी 1869 च्या सुमारास ब्रिटिश सरकारनेच ती पद्धत आवरती घेतली आणि नव्या वाटा स्वतः बांधायचे ठरवले. रेल्वे चालली ती हमीच्या बळावर नव्हे. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी आणि कापसाच्या गासड्या असा अफाट राबता तिला मिळाला म्हणून ती चालली. याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. 1897 मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत 21 मैलांची अडीच फुटी अरुंद रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने रूळ हलके ठेवले, डबे त्या रुळांना पेलतील असे बनवले आणि मार्ग बार्शीच्या बाजारपेठेच्या मापाने आखला. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि अखेर मिरजेला पोहोचली. बाजाराचा माल होता, वारीची गर्दी होती. आधी राबता ओळखला, मग त्याला शोभेल एवढीच गाडी बांधली. सोलापूरच्या विमानाबद्दल हा विचार कोणत्या बैठकीत झाला?

राज्यात इतरत्र काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाला. मुंबईची विमाने उडू लागली, गणपतीला चाकरमानी विमानाने गावी आले, आणि सरकारी मदतीची तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर 2024 मध्ये ती फेरी बंद पडली. मधल्या काळात जानेवारी 2023 मध्ये शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला होता, तेव्हा मुंबईच्या प्रवाशाला चिपीचे बंधन उरले नव्हते. जळगावचा विमानतळ 2012 मध्ये तयार झाला. 2017 च्या डिसेंबरात तिथून मुंबईला एकोणीस आसनी विमान उडाले ते थोड्याच दिवसांत थांबले. नंतर दुसऱ्या कंपनीने 2019 मध्ये सुरुवात केली, तीही 2022 मध्ये बुडाली. खुद्द सोलापूरनेही किंगफिशरची विमाने येताना पाहिली आणि जाताना पाहिली. देशभराचे चित्र महालेखापालांच्या 2023 च्या अहवालात आहे. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग दिले गेले, त्यांतले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले, त्यांतले 112 तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी करू शकले. आणि मुदत संपल्यावर, मार्च 2023 अखेर, चालू राहिलेले मार्ग होते 54. हे आकडे वाचून योजनाच मोडीत काढा म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. जे 54 टिकले ते का टिकले, हे शोधून काढणे जास्त मोलाचे आहे.

कोल्हापूर घ्या. उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानी काळातला, 1939 चा. डिसेंबर 2018 मध्ये उडानखाली तिथून हैदराबाद आणि बंगळूरची विमाने सुरू झाली, पुढे तिरुपती जोडले गेले, मार्च 2024 मध्ये नवी इमारत उघडली. तिथे विमान रुजले याची कारणे समजण्यासारखी आहेत. कोल्हापूरहून मुंबईला जायचे तर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्र घालवावी लागते, दिवसाची वेगवान गाडी नाही. हैदराबादला किंवा तिरुपतीला जायचे तर रेल्वेचा प्रवास त्याहून वेड्यावाकड्या वळणाचा. अंबाबाई ते बालाजी असा भाविकांचा ओघ पूर्वीपासून होता, त्याला वाट मिळाली. शिर्डीला 2017 नंतर तसेच घडले. तिथे दक्षिणेतल्या भाविकांनी विमाने भरली. म्हणजे रेल्वे जिथे तोकडी पडते आणि राबता आधीपासून असतो, तिथे मदत संपल्यावरही विमान उडत राहते.

आता हीच कसोटी सोलापूरला लावू. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे, वंदे भारतने सव्वातीन तासांच्या आसपास. विमानतळावर आधी पोहोचण्याचा, सामान घेण्याचा आणि लोहगावहून शहरात शिरण्याचा वेळ मिळवला तर विमानाने वाचते काय? त्या टप्प्यावर सरकारचा एक रुपयाही जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गोव्याचे उलट. जून 2025 मध्ये फ्लाय91 ने सोलापूर-गोवा सेवा सुरू केली. रस्त्याने जायचे तर घाट उतरत अख्खा दिवस मोडतो आणि सोयीची थेट रेल्वे नाही, तेव्हा तिथे विमानाला खरा अर्थ आहे. बंगळूरला सोलापूरची कितीतरी शिकलेली मुले नोकरी करतात, गाडीने तिथे पोहोचायला रात्र जाते. दिल्लीला तर गाडीने अख्खा दिवस पुरत नाही, आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या टॉवेल आणि गणवेशाच्या कारखानदारांना गिऱ्हाईक तिकडूनच आणायचे असते. सार्वजनिक पैशाची पहिली पसंती या मार्गांना मिळायला हवी.

मुंबईचा निकाल इतक्या सहज लागत नाही. फ्रान्सने 2023 मध्ये रेल्वेने अडीच तासांत होणारे देशांतर्गत विमानप्रवास कायद्याने बंद केले. तो दाखला इथे लागू पडत नाही, कारण वंदे भारतलाही मुंबई गाठायला साडेसहा तास लागतात. ती सकाळी सहाला सोलापूर सोडते, दुपारी साडेबाराला मुंबईत पोहोचते आणि चारला परत निघते. मुंबईत काम उरकायला हाताशी उरतात साडेतीन तास. त्यातून मुंबईहून पुढे दिल्लीला, आखाताला जाणारी विमाने पकडता येतात, हा फायदाही खरा आहे. म्हणून मुंबईची फेरी थांबवा असे मी म्हणणार नाही. पण मग पैसा कशासाठी देतोय ते स्पष्ट असावे. सकाळी जाऊन दिवसभर काम करून संध्याकाळी परत येता आले, तर व्यापाऱ्याला, वकिलाला, रुग्णाच्या नातेवाइकाला विमानाचा उपयोग. फेरी भरदुपारची असेल, तर मुक्काम काही टळत नाही. आणि मुक्काम करायचाच असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोहोचवतेच की. तेव्हा सरकारने आसने विकत घेऊ नयेत, वेळ विकत घ्यावी. सकाळ-संध्याकाळची जोडफेरी असेल तर पैसा, नसेल तर नाही. मुंबईच्या विमानतळावर सोयीची वेळ मिळणे किती अवघड असते ते मला माहीत आहे. पण ती मिळवून देण्यासाठी राज्य सरकारने आपले वजन वापरले, तर 18 कोटींहून जास्त उपयोग होईल. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 पासून चालू झाल्यावर ती सबबही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

मुदतीचा मुद्दा मी इतका लावून धरतो, त्याचे कारण अमेरिकेत दिसते. तिथे 1978 मध्ये विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण उठले, तेव्हा लहान गावांची विमाने बंद पडू नयेत म्हणून दहा वर्षांपुरती मदत योजना केली. ती योजना आजही चालू आहे. तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, पुढे प्रवाशामागच्या मदतीवर मर्यादा घालावी लागली, आणि ती घालताना मोठा विमानतळ किती मैलांवर आहे हे पाहावे लागले. एकदा सुरू झालेली मदत थांबवणे कोणत्याही राजकारण्याला परवडत नाही, कारण फेरी बंद पडल्याचा ठपका त्याच्या नावावर येतो. म्हणून पहिल्या वर्षी इतकी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तिसऱ्या वर्षी संपली, ही उतरंड पहिल्याच दिवशी कागदावर हवी. रक्कम भरलेल्या आसनांशी जोडली, तर प्रवासी आणण्याची गरज कंपनीलाही वाटेल.

आतापर्यंत राज्याच्या पैशाची गोष्ट झाली. शहराने जे मोजले त्याचा हिशेब तर कोणी मांडलेलाच नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची सुमारे 90 मीटर उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून 2023 मध्ये महापालिकेने पाडली. ती बेकायदा होती की नव्हती हा वाद न्यायालयात झाला, त्यात मी पुन्हा शिरत नाही. पण त्या कारखान्याचे हजारो सभासद शेतकरी आहेत आणि त्यांचे जे नुकसान झाले ते विमानतळाच्या खर्चातच धरायला हवे. होटगी रोडचा विमानतळ शहराला खेटून आहे. धावपट्टीच्या भोवताली इमारतीच्या उंचीवर मर्यादा येतात, बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागते, आणि हे ओझे त्या भागातल्या प्रत्येक घरमालकावर कायमचे पडते. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरे कापायला मनाई आहे, कारण त्याने पक्षी जमतात आणि विमानाला धोका होतो. होटगी रोडपासून दहा किलोमीटर म्हणजे जवळपास सगळे सोलापूर. म्हणजे कचरा रोजच्या रोज उचलणे हा आता विमान सुरक्षेचा भाग झाला, आणि ते काम महापालिकेचे आहे. त्यासाठी वेगळी तरतूद झाली आहे का? आणि बोरामणीचे काय? नव्या विमानतळासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या शेकडो हेक्टर जमिनी घेतल्या, मग वनजमिनीचा आणि माळढोकचा प्रश्न आडवा आला, आणि सगळे तिथेच थांबले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आज कोण उत्तर देतो?

हे सगळे निर्णय झाले त्या काळात सोलापूर महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. चिमणी पडली, विमानतळाचे उद्घाटन झाले, गोव्याचे आणि मुंबईचे विमान उडाले, आणि यातल्या एकाही गोष्टीवर नगरसेवकाने उभे राहून प्रश्न विचारलेला नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरले आहे. विमानाचा पैसा राज्याचा आहे, महापालिकेचा काय संबंध, असे तिथे कोणी म्हणेल. कायद्याने ते बरोबर असेल. पण उंचीच्या मर्यादा, कचरा, रस्ता, पाण्याची जोडणी, अतिक्रमणे हे सगळे महापालिकेच्या दारात आहे, आणि जो यजमान खर्च सोसतो त्याला पाहुणा काय घेऊन आला हे विचारण्याचा अधिकार असतो.

माझ्या मते सभागृहाने एक खास सभा लावावी आणि तिच्यापुढे आयुक्तांनी मार्गागणिक टिपण ठेवावे. दर महिन्याला किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या, सरासरी किती आसने भरली, मदत किती दिली गेली, फेरीची वेळ काय, रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणे काय. त्याच टिपणात महापालिकेने विमानतळापायी केलेला खर्च वेगळा दाखवावा आणि तो राज्याकडे मागावा. रात्री विमान उतरवण्याची सोय, खराब हवेत उतरायला लागणारी उपकरणे, विमानतळापर्यंतचा चांगला रस्ता आणि शहर बस यांवरचा खर्च मी बिनतक्रार मान्य करीन, कारण एखादी कंपनी निघून गेली तरी ते शहराकडेच राहते. रुग्णाला तातडीने हलवायचे असो, अवयव प्रत्यारोपणासाठी न्यायचा असो की पुरात मदत आणायची असो, ती धावपट्टी कामालाच येते. आसनामागे वाटलेले पैसे विमानाबरोबर उडून जातात. पुढच्या वर्षीची मंजुरी मंत्रालयातून येण्याआधी सोलापूरचा ठराव तिथे पोहोचला पाहिजे, आणि त्या ठरावात बंगळूर, गोवा, दिल्ली आणि मुंबई यांची क्रमवारी कारणांसकट लिहिलेली असली पाहिजे.